पाठमोरं वाक्य

रंगीत खुनाचं कौतुक मला सांगू नका. रक्त लाल दिसलं की माणूस लगेच ओळखतो, हा टोमॅटोचा रस. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये रक्त काळं, सावली काळी, बाईचा हातमोजा काळा, आणि त्यातलं कुठलं काय हे ज्याचं त्याने ताडायचं. आमच्या टेस्टाच्चो मोहल्ल्यातला खाटीक, दिवसभर गाई सोलणारा आडदांड गडी, थेटरात तो काळा डाग दिसला की बायकोचा दंड धरून बसायचा. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझं नाव पाल्मीरा. रोममध्ये, प्राती भागात, एक डबिंगचा हॉल आहे, तिथे माझं अख्खं आयुष्य गेलं. अमेरिकेतून फिल्म यायची. आणि आमच्या लोकांना पडद्याखालची अक्षरं वाचत बसायची सवय नाही, पडद्यावरचा माणूस आपल्या भाषेत बोलला पाहिजे, नाहीतर तिकिटाचे पैसे परत मागतील. म्हणून रिळाचे लहान तुकडे करायचे, प्रत्येकाची दोन टोकं जोडून कडं करायचं, ते पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवायचं, आणि आमच्या नट-नट्यांनी अंधारात उभं राहून त्या परक्या तोंडात आपले शब्द घालायचे. ओठ जुळले की नाही, हे सांगायचं काम माझं. मी 'नाही' म्हटलं की नाही. मग समोर पोपसाहेब का असेनात.

पण गोष्ट माझी नाही, इल्देची आहे. इल्दे रावाय्योली. नाव तुम्ही ऐकलं नसेल, कुणीच ऐकलेलं नसतं. आवाज मात्र इटलीतल्या झाडून सगळ्या घरांनी ऐकलाय. गार्बातेल्ला वस्तीतल्या मोच्याची पोर, बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, हिवाळ्यात लोकरीचे मोजे आणि उन्हाळ्यात सुजलेले पाय. आणि पडद्यावर तिच्या वाट्याला कोण यायच्या? सोनेरी केसांच्या उंच बायका, ज्या नवऱ्याला विष देतात आणि मग सिगारेट पेटवतात. खून करणारी बाई आली रे आली की आमच्याकडे एकच नाव निघायचं. तिच्या आवाजात काय होतं देव जाणे. ती नुसतं "बसा ना" म्हणाली तरी माणसाला वाटायचं, बसू नये.

बाजारातसुद्धा तिची सुटका नव्हती. भाजीवाली नुन्त्सिया लांबूनच ओरडायची, "आली गं बाई, खून पाडून आली! आज कुणाला पाठवलंस वर?"

"अजून कुणाला नाही," इल्दे म्हणायची. "पण ही आर्टिचोकं गेल्या वेळेसारखी जून निघाली, तर तुझा नंबर पहिला."

सगळा बाजार हसायचा, आणि नुन्त्सिया आपसूक दोन आर्टिचोकं जास्त टाकायची. भीतीनेच टाकत असणार.

लढाई संपून काही वर्षं झाली होती तेव्हा आमच्याकडे 'दीपगृहातली पाहुणी' आली. मी नुकतीच लागले होते, रिळं डकवायला. एका दीपगृहाच्या रखवालदाराचा खून होतो, वादळात अडकलेली एक बाई तिथे राहायला असते, शहरातून डिटेक्टिव्ह येतो आणि खुनी शोधता शोधता त्या बाईवरच जीव लावून बसतो. खून तिनेच केलेला असतो. आता सांगून टाकलं तरी काय बिघडतं? पण तेव्हा आमचा म्हातारा डायरेक्टर ब्रुनोरी शेवटच्या रिळाचे कागद आपल्या कोटात घेऊन फिरायचा. नटांनासुद्धा खुनी कोण ते सांगायचा नाही. म्हणायचा, "माहीत असलं की आवाजात येतं." इल्दे बिचारी महिनाभर त्या बाईसाठी जीव तोडून बोलली आणि शेवटच्या दिवशी तिला कळलं, अरे देवा, आपणच की ती!

डिटेक्टिव्हचा आवाज होता एगिदियो लान्फ्रांकीचा. उंच, हाडकुळा, हॉलमध्येसुद्धा डोक्यावरची टोपी न काढणारा माणूस. माइकसमोर असा बोलायचा की बाया वितळायच्या, आणि माइक बंद झाला की "हं", "बरं" याच्या पुढे गाडी जात नव्हती. तेव्हा हॉलमध्ये माइक एकच असायचा. एकच स्टँड, त्याच्यावर एकच मिणमिणता दिवा, आणि दोघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. इल्दे त्याच्या कोपराला लागायची, म्हणून तिच्या पायाखाली सोडावॉटरच्या बाटल्यांचं खोकं ठेवायचे. महिनाभर रोज सकाळपासून ती दोघं त्या अंधारात तशी उभी. पोरगी प्रेमात पडली. पडणारच! मी तिच्या जागी असते तर खोक्यावरूनच पडले असते.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथे आहे. शेवटच्या रिळात पोलीस त्या बाईला न्यायला येतात. डिटेक्टिव्ह खिडकीशी उभा असतो, आपल्याकडे पाठ करून. मूळ फिल्ममध्ये तो काहीच बोलत नाही. पण आमच्या धंद्यात पाठ म्हणजे मोकळं अंगण. ओठ दिसत नाहीत ना, मग त्या पाठीवर वाटेल ते वाक्य चढवता येतं. फिल्ममधलं काही राहिलं असेल, गोंधळ होत असेल, चढवा पाठीवर. अर्थात ते आधी ठरतं, कागदावर लिहिलं जातं. त्या दिवशी कागदावर काहीही नव्हतं. आणि ती पाठ पडद्यावर आल्याबरोबर एगिदियो अगदी हळू बोलला, "सुटलीस की माझ्याकडे येशील?"

पडद्यावर त्या बाईचा चेहरा मोठा होऊन आला, ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि पोलीस तिला घेऊन गेले. इल्दे काही बोलली नाही. दिवे लागले. ब्रुनोरी खुर्चीतून उठून म्हणाला, "कुणी सांगितलं होतं रे गाढवा तुला?" आणि मग डोळे पुसत म्हणाला, "राहू दे. तसंच राहू दे."

तसंच राहिलं. आणि त्या एका वाक्याने फिल्म चालली. पोरं पोरींना बागेत गाठून विचारायची, "सुटलीस की माझ्याकडे येशील?" कॉलेजातून सुटलीस की, दुकानातून सुटलीस की. वर्तमानपत्रांतल्या शहाण्यांनी त्या बाईच्या गप्प राहण्यावर रकानेच्या रकाने भरले, काय ते मौन, काय तो संयम. आणि एगिदियो महिन्याच्या आत टुरिनला गेला. तिथल्या रेडिओवर नोकरी धरली, पुढे तिथेच लग्न केलं.

इल्दे कधी बोलली नाही याविषयी. पण एका हिवाळ्यात, तिची बहीण चेझीरा दवाखान्यात होती, मी तिच्याकडे राहायला गेले होते, आणि त्या सोमवारी टीव्हीवर तीच फिल्म होती. पाठ आली, वाक्य आलं. इल्देने चष्मा काढला आणि चष्म्याशिवाय तिला समोरचं ताटही दिसत नाही.

"पाल्मीरा," ती म्हणाली, "तो ते कुणाला म्हणाला गं? तिला की मला?"

"विचारायचं होतंस की!"

"कधी विचारणार? दिवे लागले, त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपण जेवायच्या आधी वीस वेळा 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणणारी माणसं. त्यातलं खरं कुठलं, हे मागून विचारायला गेलं तर लोक हसतील." मग चष्मा पुसत म्हणाली, "मला फक्त कळायला हवंय. दुसरं काही नको. मरायच्या आधी एकदा कळलं पाहिजे."

तिला स्थळं आली नाहीत असं नाही. एक औषधवाला आला होता, चांगला खाऊनपिऊन सुखी. पण त्याला ती फिल्ममधल्या आवाजात बोललेली हवी होती, तेही दिवा मालवून. तिने त्याला जिन्यावरून खाली पिटाळला. त्यानंतर ती आणि चेझीरा, दोघीच राहिल्या. फिल्म कुठे लागली, पाद्र्यांच्या हॉलमध्ये असो की उन्हाळ्यात उघड्या मैदानावर, इल्दे जायची. मी थट्टा करायचे, "काय गं, खुनी कोण ते अजून कळलं नाही वाटतं?" ती हसायची, पण जायचीच. पस्तीस वर्षं एका पाठीकडे बघत काढली हो त्या बाईने.

आणि मग त्या फिल्मचा रिमेक निघाला. रंगीत. दीपगृहाचं झालं होतं समुद्रकाठचं हॉटेल, मोटारी एकमेकींवर आपटत होत्या, आणि ती बाई खून करायच्या आधी कपडे का काढते हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. आता खुनी कोण हे लपवायचा प्रश्नच नव्हता, पोराबाळांना ठाऊक. पण फिल्म आणणाऱ्या कंपनीला अक्कल सुचली. त्यात बंदरावर मासे विकणारं एक म्हातारं जोडपं होतं, चार-दोन वाक्यांचं. कंपनीवाले म्हणाले, त्यांना जुन्या दोघांचे आवाज द्या, पेपरात येईल.

मी इल्देला फोन केला. ती म्हणाली, "तो येतोय?"

"येतोय. बायको गेली त्याची, मुलीकडे असतो."

"एका स्टँडवर?"

इथे मी अडकले. कारण आता तसं काही राहिलं नव्हतं. आता प्रत्येकजण एकटा येतो, कानाला यंत्र लावतो, एकटाच बोलतो आणि घरी जातो. नवरा मंगळवारी भांडतो, बायको गुरुवारी उत्तर देते. नवा डायरेक्टर, तित्सियानो नावाचं पोरगं, त्याने दोघांना वेगवेगळे दिवस दिलेसुद्धा होते.

"एका स्टँडवर असेल तरच येईन," इल्दे म्हणाली. "नाहीतर त्या मासेवालीला मुकी दाखवा म्हणावं."

मी तित्सियानोकडे गेले. तो म्हणाला, "पाल्मीराबाई, दोन आवाज वेगळे असले की मला नंतर कमीजास्त करता येतं. हे जुनं खूळ कशाला?"

नशिबाने टुरिनहून एगिदियोच्या मुलीचा, लोरेदानाचा, फोन आला. वडिलांना आता जवळजवळ दिसत नाही, वाक्यं ती पाठ करून घेईल, पण कधी सुरू करायचं ते कुणीतरी खांद्याला हात लावून सांगावं लागेल.

"तुम्ही लावा हात," तित्सियानो मला म्हणाला.

"आणि ओठ कोण बघणार? तू?" मी म्हटलं. "बायकोचं काम बायकोला करू दे. मासेवाली लावेल हात."

पोरगं चांगलं आहे तसं. कुरकुरलं, पण त्याने दोघांना एकच दिवस दिला.

त्या दिवशी इल्दे केस सेट करून आली होती. निळा कोट, बहिणीचा. मी म्हटलं, "काय गं, लग्नाला निघालीस का?" तर माझ्यावर खेकसली. एगिदियो लोरेदानाच्या हाताला धरून आला. डोक्यावर टोपी तीच की तसलीच दुसरी कुणास ठाऊक. पण उंची कुठे गेली होती माणसाची? इतका वाकला होता की खोक्याची गरजच नव्हती.

"इल्दे?" तो म्हणाला.

"हं," इल्दे म्हणाली. बघा आता. जन्मभर बोलून पोट भरलेली बाई.

सकाळची कडी झटपट झाली. ती त्याच्या खांद्याला हात लावायची, तो बोलायचा, ओठावर शब्द तंतोतंत. न बघता! तित्सियानो मशीनच्या खोलीत, काचेमागून तोंड वासून ऐकत होता. एका कड्यानंतर मशीन अडकलं, रीळ नीट करायला वेळ होता, म्हणून आम्ही बाहेर कॉफीला आलो. लोरेदाना फोन करायला गेली. उठून जायला हवं होतं मीही, पण मी काही हलले नाही.

इल्देने कप खाली ठेवला. "एगिदियो, एक विचारू? ती पाठ आठवते तुला? खिडकीतली."

"आठवते."

"ते तू कुणाला म्हणाला होतास?"

त्याने तिच्याकडे तोंड केलं, म्हणजे आवाजाच्या दिशेने. "तुला. आणखी कुणाला? ती बाई तर अमेरिकेत होती." मग म्हणाला, "मला समोरासमोर बोलायला जमायचं नाही, तुला ठाऊक आहे. वाटलं, पाठीआडून विचारावं. विचारलं. तू गप्प राहिलीस. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही, कशाला पोरीला त्रास द्यायचा. आणि टुरिनला गेलो."

"गप्प राहिले?" इल्देचा आवाज चढला. सगळ्या कॉरिडॉरभर गेला. "अरे मेल्या, मी काय करणार होते? तिचं तोंड मिटलेलं होतं!"

"काय?"

"पडद्यावर! तिचा चेहरा केवढा मोठा आला होता आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. मिटलेल्या तोंडावर मी कसं बोलणार? ब्रुनोरीने खाल्लं असतं मला!"

मला आधी हसूच आलं. आमच्यापैकी कुणीही हेच केलं असतं, हो. तोंड मिटलेलं असताना आवाज म्हणजे आमच्यात पाप. घराला आग लागली तरी आम्ही आधी पडद्यावरच्या माणसाचे ओठ उघडायची वाट बघू. आणि मग माझं हसू गेलं, कारण एगिदियोने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला होता.

"मी तर मान खाली घालून उभा होतो गं," तो म्हणाला. "कागदाकडे बघत. तिचं तोंड मी बघितलंच नाही."

इल्देने त्याच्या हातातून कप काढून घेतला. तेवढ्यात तित्सियानो डोकावला, "चला मंडळी, शेवटचं कडं."

पुन्हा अंधार, पुन्हा तो दिवा. पडद्यावर म्हातारी मासेवाली, नवऱ्याला म्हणते, "जाळं उद्या शिवू, आता घरी चल, सूप गार होतंय." एवढंच. वाक्य इल्देचं, नवऱ्याने ऐकायचं फक्त.

कडं फिरलं. मासेवालीचे ओठ हलले, आणि हॉलमध्ये आवाजच नाही.

"बाई?" तित्सियानो काचेमागून म्हणाला. "आवाज?"

कडं पुन्हा फिरलं. ओठ हलले, मिटले. इल्दे कागदाकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. इतक्या वर्षांत त्या बाईचा एक ओठ कधी चुकला नव्हता.

एगिदियोला काही दिसत नव्हतं, त्याला नुसती शांतता ऐकू येत होती. तो तिच्याकडे वाकला.

"इल्दे, तिचं तोंड मिटलंय का?"

"नाही," इल्दे म्हणाली.

"मग बोल ना."

कडं पुन्हा आलं. मासेवालीने तोंड उघडलं. आणि इल्दे म्हणाली, "हो."

एवढंच. पडद्यावर ती म्हातारी पुढे बोलतच राहिली, जाळं, सूप, सगळं, आवाजाशिवाय. एगिदियोने टोपी काढली. मी त्याचं डोकं पहिल्यांदाच पाहिलं, पांढरंशुभ्र, लहान मुलाचं असतं तसं मऊ.

तित्सियानोने काचेतून माझ्याकडे बघितलं. "पाल्मीराबाई, जुळलं?"

जुळलं नव्हतं. एक शब्द कुठे आणि अख्खं वाक्य कुठे. "नाही," मी म्हटलं. "पुन्हा घ्या."

"घ्या की," एगिदियो म्हणाला. हसत होता तो. "मला परत ऐकायचंय."

कडं फिरलं. इल्देने नाक पुसलं, चष्मा सारखा केला, आणि कागदावरचं वाक्य म्हटलं. "जाळं उद्या शिवू, आता घरी चल, सूप गार होतंय." ओठ तंतोतंत. कान द्यावा असं. नवीन आवाज जुन्यावर चढतो, मागचा आपोआप पुसतो, त्यामुळे ते 'हो' फिल्ममध्ये नाही, शोधत बसू नका. मी जुळलं म्हणून सांगितलं आणि दिवे लावले. लोरेदाना कोट घेऊन दाराशी आली, टुरिनच्या गाडीची वेळ झाली म्हणाली. एगिदियो मात्र माइकपाशी कान देऊन तसाच उभा होता.